शिशाच्या माशाचा परकर

नोकरीतले अनुभव लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पोस्ट असणार. इंदूरच्या पोस्टात मी एकतीस वर्षं काढली. तिकिटं विकली, रजिस्टर पत्रं घेतली, पुढेपुढे खिडकीच्या आत बसून दुसऱ्यांच्या चुका काढल्या. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. मला विचाराल तर माझा खरा धंदा वेगळाच होता. तो मी लग्नाआधी चार-पाच वर्षं केला, अंधेरीला, चाळीच्या गॅलरीत स्टोव्हपुढे बसून. मी मासे पकडायच्या गळांना घालायचे मऊ प्लास्टिकचे परकर बनवत असे.

हे वाक्य ऐकून आजवर प्रत्येक जण आधी हसला आहे. म्हणून जरा समजावून सांगते.

गळाला आमिष टोचून मासा पकडतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण आमिषाशिवायही मासा पकडता येतो. गळाच्या दांडीवर शिसं ओतून बोराएवढं डोकं करायचं, त्यावर रंगाने डोळा काढायचा आणि डोक्यामागे काहीतरी लवलवतं बांधायचं. ते दोरीने पाण्यात सोडून हाताने उचलत-सोडत राहायचं. उचललं की ते लवलवतं अंग मिटतं, सोडलं की फुलतं. खालच्या मोठ्या माशाला वाटतं, कोलंबी पळाली. तो झडप घालतो. पूर्वी हे लवलवतं अंग म्हणजे बोकडाचे केस नाहीतर कोंबड्याची पिसं असत. मी ते प्लास्टिकच्या बारीक पट्ट्यांचं करू लागले. वर कमरपट्टा आणि खाली सुट्या पट्ट्या, असा तो हुबेहूब चिमुकल्या परकरासारखा दिसे. म्हणून नाव पडलं परकर.

ही पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं. वडील दम्याने घरी बसले आणि मी मॅट्रिक होताच मरोळच्या बाजूला एका शेडमध्ये कामाला लागले. मालक कांतीशेठ. तिथे प्लास्टिकचे रेनकोट शिवत नसत, डकवत. तापलेल्या पट्टीखाली दोन कडा धरायच्या की त्या एकजीव होत. शेडच्या दुसऱ्या टोकाला सायकलच्या हँडलच्या मुठी बनत. त्यासाठी परदेशातून पिठासारखी पांढरी पावडर पोत्यांतून येई. ती जाड तेलात घोटली की दाट, दुधट मिश्रण तयार व्हायचं. आम्ही त्याला खीर म्हणायचो. तापवलेला लोखंडी साचा त्या खिरीत बुडवून भट्टीत धरला की अंगाला बसलेली खीर शिजून रबरासारखी मूठ निघे.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत शेडच्या मागे, रेनकोटच्या कातरणांच्या ढिगात एक म्हातारा उकिडवा बसलेला दिसला. कमरेला कोळ्यांचा रुमाल, डोक्यावर लाल टोपी. एकेक कातरण उचलून तो पाण्याने भरलेल्या डबड्यात बुडवत होता आणि हलवून बघत होता. मी विचारलं, "काय शोधताय बाबा?"

"पोरी, ह्यो कचरा तुमी फेकताव ना? मना जरा देशील?"

त्याने हात पुढे केला तेव्हा मी बघितलं, उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं.

हा वेसाव्याचा धाकूबाबा. आयुष्यभर मोठ्या गलबतावर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. दोन वर्षांपूर्वी जाळं ओढताना दोर हाताभोवती गुंडाळला गेला आणि मधली तीन बोटं गेली. गलबत सुटलं. आता लहान होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी गळाने मासे धरायचे, एवढंच उरलं होतं. मुलगा दुसऱ्याच्या गलबतावर होता. पण गळालाही अडचण होतीच.

"कोलबी जित्ती असते, उड्या मारते. ती टोचाला दोन हात लागतात," तो म्हणाला. "मना दीडच हाय."

दर वेळी आमिष टोचायला सून बरोबर न्यावी लागे, आणि ती बाजारात बसली नाही तर मासळी विकणार कोण? म्हणून त्याला शिशाचा मासा हवा होता, एकदा बांधला की दिवसभर चालणारा. पिसं भिजली की गुंता होत होता, दीड हाताने तो सुटत नव्हता. बाजारात कुणाच्या तरी रेनकोटची फाटकी कड वाऱ्यावर हलताना बघून तो चौकशी करत करत अंधेरीहून चालत मरोळला आला होता.

मी कातरणं दिली. आठवड्याने तो परत आला.

"कडक हाय गो. पान्यात काडीवानी उभी राहते. मासा काय येडा नाय."

मला का कोण जाणे, ते मनाला लागलं. माझ्या हातात काही मऊ करण्यासारखं आहे का, हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. कांतीशेठकडून मी डबाभर खीर मागून घेतली. ते म्हणाले, "सुधाबेन, घरी काय चटणी लावणार?" पण दिली.

खिरीत तेल जास्त घातलं की माल मऊ होतो, हे शेडमध्ये बघून मला माहीत होतं. किती जास्त, ते कुणालाच माहीत नव्हतं. कारण मऊ मूठ कोण विकत घेणार? घरच्या गॅलरीत स्टोव्हवर तवा ठेवून मी ॲल्युमिनियमच्या ताटलीत धिरड्याएवढी पातळ खीर ओतली. पहिली ताटली खालून करपली आणि असा धूर निघाला की शेजारचे बिऱ्हाडकरू डोळे चोळत बाहेर आले. दुसरी कच्ची राहिली, खव्यासारखी भुगा झाली. मग सुचलं, तव्यात वाळू पसरायची आणि ताटली वाळूवर ठेवायची. आच सगळीकडे सारखी लागू लागली. दुधट खीर आधी घट्ट होते, मग कडेकडून आरपार दिसू लागते. मधला पांढरा ठिपका नाहीसा झाला की त्याच क्षणी उतरवायची. त्या ठिपक्यावर डोळा ठेवणं हाच सगळा धंदा. आजही दुधावर साय धरताना माझी नजर मधोमध जाते.

थंड झालं की पापडासारखं सोलून घ्यायचं, अंगाला लावायची पावडर चोळायची, वर बोटभर पट्टा ठेवून खाली ब्लेडने सुतासारख्या पट्ट्या कापायच्या. मग तो पट्टा शिशाच्या मानेभोवती गुंडाळून दोऱ्याने आवळायचा. तेल कमी असेल तर पट्टी पाण्यात काडी होते, फार झालं तर पहिल्याच माशाच्या तोंडी तुटते. नेमका मेळ बसायला मला पावसाळा अख्खा लागला. धाकूबाबाची परीक्षा साधी होती. तो पट्टीचं टोक पुढच्या दातांत धरून हलकेच चावायचा आणि "नाय" म्हणून परत द्यायचा. कितव्या खेपेला ते आठवत नाही, पण एकदा त्याने चावून बघितलं आणि काहीच न बोलता खिशात टाकलं.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्याची सून जनी आमच्या दारात उभी राहिली. माझ्याच वयाची, काळीसावळी, कमरेवर हात. डोक्यावरची टोपली तिने समजूतदारपणे जिन्यातच ठेवली होती. म्हणाली, "बाबानं पाच जिताडे धरले. एकल्यानं. मी बाजारात होते. आजून परकर दे."

आमचं घर कांदा-लसणीचासुद्धा विचार करून स्वयंपाक करणारं. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "जीव घ्यायची हत्यारं करतेस तू, आणि तीही माझ्या ताटलीत?" ताटली मी बदलली, स्टोव्ह गॅलरीच्या टोकाला नेला, पण आईचं पुटपुटणं थांबेना. ते थांबलं ते एका वेगळ्याच कारणाने. माझ्या पट्ट्या जाड-बारीक होत. एकदा मी ब्लेड घेऊन झगडत असताना आई बराच वेळ मागे उभी राहिली आणि मग म्हणाली, "दे इकडे. डोळ्यांनी बघवत नाही." तिने आयुष्यभर देवासाठी वाती वळल्या होत्या. तिच्या हाताने उतरलेल्या पट्ट्या अशा निघाल्या की मी नुसती बघत राहिले. तेव्हापासून शिजवणं माझं, कापणं आईचं. शिशाला मात्र तिने कधी बोट लावलं नाही. "मी प्लास्टिक कापते. पुढे त्याचं कोण काय करतं ते मला माहीत नाही," असं ती वडिलांना सांगायची, आणि वडील खोकत खोकत हसायचे.

बातमी पसरली. अंधेरीच्या एका बंगल्यातले एक पारशी गृहस्थ यायला लागले. ते रविवारी पवईच्या तळ्यावर गळ घेऊन बसत. त्यांना परकर फक्त काळा लागे आणि पट्ट्या बरोबर वीस. एकदा एकवीस निघाल्या तर ते फूटपट्टी आणि भिंग घेऊन परत आले. आईने चष्मा लावून त्यांच्यासमोर मोजल्या आणि जास्तीची एक कापून हातावर ठेवली. धरलेला मासा ते पुन्हा तळ्यात सोडत. का, असं विचारल्यावर म्हणाले, "डिकरी, घरी खाणारं कोणी राहिलं नाय." ते गेल्यावर आई म्हणाली, "ह्यांचे नीट मोजत जा हो."

दुसरी गंमत खारदांड्याच्या एका माणसाची. वेसाव्याचे आणि दांड्याचे कोळी एकाच समुद्रात मासे धरतात, त्यामुळे एकमेकांना आपलं काही सांगत नाहीत. हा गृहस्थ टोपी-कोट घालून आला आणि देव्हाऱ्याच्या पडद्याला झालर हवी म्हणाला. मी विचारलं, "केवढा आहे देव्हारा?" त्याने करंगळीएवढं माप दाखवलं. मी झालर दिली. जनीला कळलं तेव्हा ती आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

आणि फजिती सांगायची तर एकच सांगते, कारण तिच्यातून मी सर्वांत जास्त शिकले. त्या सुमारास बाजारात कडक प्लास्टिकचे रंगीत डबे नवीनच आले होते. ऐन हंगामाच्या तोंडावर मी चाळीस परकर असल्या एका सुंदर डब्यात रचून ठेवले, लाल, हिरवे, पांढरे, सगळे एकत्र. तीन दिवसांनी झाकण उघडेना. जोर लावून उघडलं तर आत एकच गोळा. मऊ प्लास्टिकातलं तेल पाझरून त्याने कडक प्लास्टिक खाल्लं होतं, डब्याचा तळ चिखल झाला होता आणि लाल रंग पांढऱ्यात पसरला होता. धाकूबाबा दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. मी त्याच्यापुढे तो डबा ठेवला आणि मला रडू आलं.

त्याने गोळा उलटसुलट केला. "एका खोलीत चार जावा कोंडल्यावानी झालं," तो म्हणाला. "रडतेस कशाला? येवढं भांग सुटलं तर दुसरं येल." भांग म्हणजे दोन उधाणांच्या मधले मंद भरती-ओहोटीचे दिवस, तेव्हा पाणी निवळतं आणि शिशाचा मासा दिसतो. पंधरवड्यातून थोडेच दिवस ते मिळत. म्हणजे त्याचा अख्खा पंधरवडा मी बुडवला होता, आणि तो मला समजावत होता. त्यानंतर माझे परकर काचेच्या बरण्यांत राहिले, रंगारंगाचे वेगळे.

जाताना तो म्हणाला, "तू येकदा होडीत ये. तुला ठाव नाय तू काय करतेस."

मी घरी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं आणि दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी वेसाव्याला गेले. ते खोटं नव्हतं. जनी माझी मैत्रीणच होती. तिने माझं पातळ गुडघ्यापर्यंत खोचून दिलं, हात धरून चिखलातून होडीत चढवलं आणि माझे पाय बघून म्हणाली, "किती गोरे गो. मासे भिऊन पळतील." धाकूबाबा मागे वल्हं धरून बसला. खाडीच्या तोंडाशी मढची बाजू समोर दिसू लागली, तिथे पाण्याखाली खडक आहेत. होडी थांबली. पाणी हिरवं, स्थिर, हातभर खालचं स्वच्छ दिसत होतं.

त्याने शिशाचा मासा होडीच्या अगदी कडेला सोडला. "बघ."

मी ओणवी झाले. तो खाली जात होता आणि माझा लाल परकर, शेडमधली खीर, गॅलरीतली वाळू, आईचं ब्लेड, हे सगळं मिळून एक जिवंत वस्तू झाली होती. पट्ट्या फुलल्या, मिटल्या, पुन्हा फुलल्या. मी ते शेकड्यांनी बनवले होते, पण माझ्या ताटलीत ते नेहमी निपचित पडलेले असत. पाण्यात ते काय करतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग त्याने दोरी लांब सोडली आणि माझ्या हातात दिली. "उचल. सोड. घाई नको. हाताला काय लागतंय?"

"काही नाही."

"काय नाय म्हंजे पानी लागतंय. आता?"

"टकटक झालं."

"ती दगडाला लागली. वर घे जरा. आता?"

आता जे झालं ते टकटक नव्हतं. कुणीतरी खालून दार ओढावं तसा हिसका बसला आणि दोरी तळव्यातून सरकत गेली. मी ओरडले असेन. जनीने मागून माझी कंबर धरली, धाकूबाबाने आपल्या दीड हाताने दोरी मनगटाभोवती घेतली, आणि आम्ही तिघांनी मिळून, बराच वेळ, देत-घेत, तो वर आणला. हाताएवढा जिताडा, चंदेरी, डोळा सोन्यासारखा. जनीने आकडा घालून त्याला आत ओढलं. त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात माझा परकर होता.

मासा न खाणाऱ्या मुलीला काय वाटायला हवं होतं, ते मला सांगता येत नाही. दया वाटली, हे खरं. पण त्याहून जास्त जे वाटलं ते तो हिसका पुन्हा हवासा वाटणं होतं. दोरीने तळव्यावर लाल रेघ उमटली होती. ती मी आठ दिवस आईपासून लपवली आणि रात्री अंथरुणात अंगठ्याने चाचपत राहिले. पुढे एकतीस वर्षं त्याच तळव्याने मी पोस्टाचे शिक्के मारले.

परत येताना जनी म्हणाली, "मना शिकव ना हे शिजवाला. बाबाला तुझ्याकडं धावाला नको."

"शिकवीन की," मी म्हणाले.

शिकवलं नाही. तिने पुढे दोनदा विचारलं. एकदा मी म्हणाले खीर संपली आहे, एकदा म्हणाले पावसाळ्यानंतर. खरं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं. शेडमध्ये मी दहा जणींतली एक होते, घरात मोठी मुलगी होते, पण वेसाव्यात होडीवाले माझं नाव घेऊन विचारत, "सुधाचा परकर हाय का?" ते मला कुणाला द्यायचं नव्हतं. जनीलाही नाही.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा इंदूरचा, पोस्टात. महिन्याभरात सगळं उरकलं. जाण्याआधी मी जमतील तेवढे परकर करून बरण्या भरून दिल्या. लग्नाला जनी आली, हिरवं लुगडं नेसून, हातात नारळ आणि खण. ती कार्यालयाच्या दाराशीच थांबली होती. आईने जाऊन तिला हाताला धरून आत आणलं आणि पहिल्या पंक्तीत बसवलं. निघताना जनी माझ्या कानाशी म्हणाली, "हे संपले की काय करू?"

"मी पत्रातून सगळं कळवते."

"मना वाचता येत नाय, सुधे."

"वाचून घे कुणाकडून तरी."

पत्र मी लिहिलं नाही. नवं घर, नवी माणसं, आज लिहू, उद्या लिहू. खरं तर लिहायला बसले की हात थांबायचा.

दीड वर्षाने बाळंतपणासाठी माहेरी आले. सातवा महिना होता. आल्या आल्या वेसाव्याला गेले. जनी अंगणात बांबूच्या सुपात बोंबील सारखे करत होती. तिने वर बघितलं, हसली आणि डावा हात पदराखाली घेतला. पण मला दिसला होता. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसून चकचकीत झाली होती.

"काय झालं हे?"

"तुझे परकर सरले. मग मी रेनकोटाची कातरनं आनली नि कढईत घालून चुलीवर धरली. पेटली. हातावर पडली ती चिकटून बसली, निघंना." ती दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी सांगत होती. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तू शिकवलं असतंस तर हात वाचला असता."

मी खाली बसले. माफी मागायला तोंड उघडलं, पण तिने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "बस, पानी पी. पोटुशी बाईनं रडू नये."

धाकूबाबा ओसरीवर होता. तो चिंध्या बांधलेला गळ घेऊन खाडीत जाई, कधी एखादा मासा मिळे, बहुतेकदा नाही. आमिष टोचायला जनी पुन्हा बरोबर जात होती, बाजार बुडत होता. मला बघून तो म्हणाला, "बरी हायस का गो?" परकराचं नावही काढलं नाही. त्याने विचारलं असतं तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मरोळला गेले आणि जनीला बरोबर नेलं. कांतीशेठना सगळं सांगितलं, माझं चुकलं तेही. त्यांनी जनीचा हात बघितला आणि मुनीमजींना बोलावून म्हणाले, "ही बाई येईल तेव्हा खीर देत जा. पण कढई पेटवू नको, बेन." पुढचे तीन दिवस रोज सकाळी मी तिच्या अंगणात वाऱ्याच्या उलट बाजूला खुर्ची टाकून बसले आणि तिने शिजवलं. वाळू, ताटली, तेल किती, पांढरा ठिपका. लिहून द्यायची गरज पडली नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे न बघता ताटली उतरवू लागली. कापायला तिने मासे साफ करायची सुरी घेतली आणि मी "ब्लेड घे" म्हणायच्या आत पट्ट्या पाडून मोकळी झाली. धाकूबाबाने पहिला चावला आणि म्हणाला, "नाय." दुसरा चावला आणि खिशात टाकला.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. जनीने तो धंदा मी केला त्याच्या तिप्पट वर्षं केला. माझ्याहून चांगले परकर केले. ती लाल रंगात थोडा काळा घाले, ते मला कधी सुचलं नव्हतं. धाकूबाबा गेला तो पिकल्या वयात, घरी, माणसांत. नंतर परदेशी तयार माल आला आणि जनीने स्टोव्ह आवरला. आम्ही मधूनमधून भेटलो, पण माझं माहेर अंधेरीहून उठलं आणि भेटी विरळ झाल्या. तिने मला त्या हाताबद्दल पुन्हा कधी ऐकवलं नाही. मीही पुन्हा माफी मागितली नाही. दोन्ही गोष्टींचं मला आजही वाईट वाटतं.

मला आठवते ती चौथी सकाळ. तीन दिवस शिकवून झालं होतं, माझं काम उरलं नव्हतं, तरी मी गेले. अंगण झाडलेलं, स्टोव्ह भिंतीशी पुसून ठेवलेला. शेजारची म्हातारी म्हणाली, "दोघं पहाटेच गेली. भांग हाय ना."

मी किनाऱ्यावर गेले. सुकत घातलेल्या जाळ्यांच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी, मढच्या बाजूला ती लहान होडी दिसत होती. जनीला मी हिरव्या लुगड्यावरून ओळखलं. बाजारात जायचं सोडून आज ती होडीत होती, आणि आमिष टोचायला नव्हे. ती उभी होती. तिचा हात वर जात होता, खाली येत होता. वर, खाली. घाई नव्हती. दोरी तेवढ्या अंतरावरून दिसत नव्हती, आणि दोरीच्या टोकाला काय होतं ते तर नाहीच.

मी पोटावर हात ठेवून उभी राहिले. हाक मारली असती तरी ऐकू गेली नसती. होडी ओहोटीबरोबर हळूहळू टोकाकडे सरकत होती. ऊन चढलं. आईने दहाच्या आत जेवायला ये म्हणून बजावलं होतं. होडी खडकाच्या आड जाईपर्यंत मी थांबले, मग आणखी थोडा वेळ थांबले, आणि निघाले.

त्या सकाळी मासा लागला की नाही, ते मला कळलं नाही. पुढे इतक्यांदा भेटलो, पण विचारायचं राहून गेलं.